छायाचित्रणाचे शेवटचे वर्ष : निवडीचा एक अभ्यास

कलामहाविद्यालयात छायाचित्रण हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीला विचारतात, ‘कॅमेरा कुठला घेतलास?’ आणि शेवटच्या वर्षी विचारतात, ‘आता पुढे काय?’ मधल्या काळात तो शिकला काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. रेखा-रंगकलेच्या विद्यार्थ्याने काढलेले कागद घरात माळ्यावर रचून ठेवलेले असतात. त्यावरून पोराने काही श्रम केले एवढे तरी घरच्यांना दिसते. आमचे चार वर्षांचे काम तळहातावर मावेल अशा डबीत असते. आमच्या आजीने तर एकदा सरळच विचारले, ‘बटणच दाबायचं ना गं? त्याला चार वर्षं कशाला?’ प्रस्तुत लेख म्हणजे आजीच्या त्या प्रश्नाला दिलेले थोडे लांबलेले उत्तर आहे, असे वाचकांनी समजावे.

बटण केव्हा दाबावे, हे पहिली वर्षे शिकवतात. दाबून झाल्यावर जे साठते त्यातले ठेवावे काय आणि टाकावे काय, हे शेवटचे वर्ष शिकवते. माझ्या अनुभवाने हे दुसरे शिक्षण पहिल्याहून अवघड आहे, आणि त्याचा तास कोणत्याही वेळापत्रकात नसतो.

‘पुढे काय’ हा प्रश्नही काही आजचा नव्हे. १८३९ साली फ्रान्समध्ये जाहीर झालेली ही कला मुंबईला फार लवकर पोहोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकी सांभाळून छायाचित्रे काढीत. पुढच्या पिढीतले उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके प्रथम मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रण तेथेच त्यांच्या हाती बसले. शिक्षणानंतर त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. प्लेगात पत्नी आणि मूल गेले, गाव सुटले. मग पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छापखाना, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’. आपण त्यांना चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. मला मात्र शेवटच्या वर्षाला आल्यापासून गोध्र्याच्या स्टुडिओत गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेले फाळकेच अधिक आठवतात.

आमच्या घरी गोध्रा आधीच तयार आहे. माझे काका तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवतात. पासपोर्ट, जावळ, बारसे आणि मुख्य म्हणजे लग्नसराई. माझा कॅमेरा काकांबरोबर दोन हंगाम लग्ने करून मिळालेल्या पैशांतून आलेला आहे. ‘पदवी झाली की गल्ला तू सांभाळ,’ असे काका म्हणतात. यात काही कमीपणा आहे असे मी मानीत नाही; वर्गातले काही मित्र मानतात, आणि तेच मित्र एप्रिल-मे महिन्यांत काकांकडे काम आहे का म्हणून मला फोन करतात.

शेवटच्या वर्षी आम्हांला एक दीर्घ प्रकल्प करावा लागतो. विषय आपला, मुदत सुमारे सात महिने, आणि शेवटी वीस छायाचित्रांची मांडणी. मुंबईहून आलेले परीक्षक त्या वीस चौकटींसमोर उभे राहतात आणि प्रश्न विचारतात. मी प्रथम वाराणसीला जायचे ठरवले होते. सरांनी शांतपणे विचारले, ‘तिथे तुझे कोण राहते?’ मी म्हटले, ‘कोणीच नाही.’ मग त्यांनी मला होमाई व्यारावाला यांच्या सुरुवातीच्या छायाचित्रांचे पुस्तक काढून दिले. होमाई १९१३ साली नवसारीला जन्मल्या आणि जे. जे. मध्ये शिकल्या. पुढे नेहरू, माउंटबॅटन, गांधीजींची अंत्ययात्रा हे सारे त्यांच्या कॅमेऱ्याने टिपले, हे खरे. परंतु सुरुवातीला त्यांच्यासमोर कोण होते? त्यांच्याच कॉलेजातल्या मैत्रिणी, मुंबईचे रस्ते, एक सहल. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने त्यांना छायाचित्रामागे एक रुपया दिला. प्रारंभीची त्यांची बरीच छायाचित्रे पतीच्या नावाने छापली गेली, ही गोष्ट आमच्या वर्गातल्या मुलींनी विशेष लक्षात ठेवली आहे. ते पुस्तक मिटून मी घरी गेले, आणि आमच्या गावापासून चार किलोमीटरवर असलेल्या गुऱ्हाळावर दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन उभी राहिले.

करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या वाचकांना गुऱ्हाळ सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगते. उसाचा रस घाण्यातून हौदात आणि हौदातून काहिलीत येतो. काहील म्हणजे दोन माणसे आडवी झोपतील एवढी लोखंडी कढई. तिच्याखाली जमिनीत खणलेले चुलवाण असते आणि त्यात वाळलेली चिपाडे सतत सारावी लागतात. रस तापू लागला की भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी घालतात, त्याने मळी वर येते, ती काढून टाकतात. दोन-अडीच तास उकळल्यावर पाक होतो. अशा एका खेपेला आदण म्हणतात. आदण उतरवायचे केव्हा, हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. पुस्तकात लिहिले आहे की, गुळाचा पाक ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवावा. गुळव्याजवळ तापमापक नसतो. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडतो, बोटांत गोळी करून पाहतो, आणि हात वर करतो. हात थोडा आधी वर गेला तर गूळ बसत नाही, थोडा उशिरा गेला तर करपतो. त्यानंतर पाक वाफ्यात ओततात, घोटतात आणि ढेपा भरतात. हंगामात हे काम रात्रंदिवस चालते.

आता यातला छायाचित्रणाचा भाग पाहू. गुऱ्हाळाच्या छपराखाली प्रकाशाची जेवढी भांडणे एका जागी सापडतात, तेवढी क्वचितच अन्यत्र सापडतील. खाली चुलवाणाचा लालभडक जाळ, वर पांढरी वाफ, चोहीकडे काजळीने काळे झालेले छप्पर आणि पहाटे बाहेरून येणारा निळसर उजेड. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला यांतले काहीच कळत नाही. समोर जे येईल ते मध्यम करडे आहे, असे तो गृहीत धरतो. म्हणून वाफेवर रोखला की वाफ मळकट करडी होते, आणि काळ्या छपरावर रोखला की जाळ नुसता पांढरा डाग होऊन बसतो. पहिल्या पंधरा दिवसांतली माझी बहुतेक छायाचित्रे या एका चुकीने गेली. दुसऱ्या वर्षी अॅन्सेल अॅडम्सची झोनपद्धती आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती : काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे विभाग करायचे, आणि आपल्या दृश्यातली कोणती छटा कोणत्या विभागात पडावी हे आधी ठरवून मग प्रकाशमान निश्चित करायचे. ती मला खऱ्या अर्थाने कळली ती गुऱ्हाळावर. गुळव्याच्या गालाची छटा कुठे हवी, हे आधी ठरवले. मग वाफेचे काय व्हायचे ते होऊ दिले.

व्यस्त वर्गाचा नियमही तेथेच उमगला. वर्गात तो फळ्यावर सूत्र म्हणून येतो. प्रत्यक्षात असे असते, की एका लहानशा उगमापासून एक मीटरवर उभ्या असलेल्या माणसावर जेवढा प्रकाश पडतो, त्याच्या चौथा हिस्साच दोन मीटरवर उभ्या असलेल्या माणसावर पडतो. चुलवाणाचे तोंड बरेच रुंद असल्याने हिशेब अगदी तंतोतंत जुळत नाही, पण जाळ सारणारा माणूस एक पाऊल मागे सरला की त्याचा चेहरा अंधारात बुडतो, एवढे नक्की. कॅमेऱ्याशी झटण्याऐवजी त्याची पावले मोजणे जास्त उपयोगी पडते, हे समजायला मला एक महिना लागला. (जाता जाता नवख्यांसाठी : पहाटेच्या थंडीतून एकदम वाफेत गेलात तर भिंगावर दव धरते. कॅमेरा पिशवीतच ठेवून अर्धा तास गुऱ्हाळावर बसावे, मग बाहेर काढावा. आणि पाकाचे शिंतोडे भिंगावर उडाले तर कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये.)

मार्च अखेरीस माझ्याजवळ २,६१४ छायाचित्रे जमली. हवी होती वीस.

येथून खरा अभ्यास सुरू झाला. ज्यांनी हे काम आपल्याहून फार मोठ्या प्रमाणावर केले, अशांपैकी रॉबर्ट फ्रँक यांचा दाखला सरांनी दिला. हे स्वित्झर्लंडचे छायाचित्रकार १९५५ व १९५६ या वर्षांत गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर एका जुन्या मोटारीतून अमेरिकाभर फिरले. त्यांनी ७६७ रिळे वापरली. एका रिळात ३६ चित्रे धरली तर हिशेब २७,००० च्या वर जातो. त्यांतून सुमारे एक हजारांच्या कामचलाऊ प्रती त्यांनी छापल्या, भिंतींवर टाचल्या, जमिनीवर पसरल्या आणि महिनोन्‌महिने त्यांकडे पाहत राहिले. १९५८ साली पॅरिसमध्ये व १९५९ साली अमेरिकेत जे पुस्तक निघाले, त्यात छायाचित्रे आहेत ८३. आपण त्या ८३ चे कौतुक करतो. उरलेल्यांना ‘नाही’ म्हणताना त्या माणसाला काय वाटले असेल, याचा विचार मी तरी तोपर्यंत केला नव्हता.

मीही तेच करायचे ठरवले. संगणकाच्या पडद्यावर निवड होत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. पडद्यावर एका वेळी एकच चित्र मोठे दिसते, आणि मोठे दिसणारे प्रत्येक चित्र चांगलेच वाटते. म्हणून काकांच्या स्टुडिओतल्या यंत्रावर मी तीनशे चित्रांच्या पोस्टकार्ड आकाराच्या प्रती काढल्या आणि वसतिगृहाच्या खोलीत फरशीवर मांडल्या. माझी खोलीसोबतीण चार दिवस पलंगावरून उड्या मारीत दारापर्यंत जात होती.

पहिली चाळणी सोपी असते. हललेली, अंधारलेली, एकसारखी चित्रे आपोआप बाजूला पडतात. दुसरीत त्रास सुरू होतो. काही चित्रे आपल्याला आवडतात ती केवळ ती काढताना आपण सोसले म्हणून. एका चित्रासाठी मी पहाटे तीनपासून चिपाडांच्या ढिगावर बसले होते. अंगाला खाज सुटली होती. ते चित्र मी आठ दिवस ठेवले. मग एकदा मेसमधल्या मावशी खोलीत डोकावल्या, त्यांना सहज विचारले, ‘यात काय दिसतंय?’ त्या म्हणाल्या, ‘धूर.’ माझी खाज चित्रात उतरली नव्हती. ते चित्र काढून टाकले. तेव्हापासून ज्याला छायाचित्रणातले काहीही कळत नाही असा एक माणूस निवडीच्या वेळी जवळ असावा, असे मी सर्वांना सुचवते.

तिसऱ्या चाळणीत चित्रे एकमेकांशी बोलू लागतात. एकटे असताना उत्तम वाटणारे चित्र शेजाऱ्याजवळ ठेवले की फिके पडते, आणि साधे वाटणारे एखादे चित्र दोन मोठ्या चित्रांमध्ये श्वासापुरती जागा देते. रिकाम्या काहिलीचे, कोणीही माणूस नसलेले एक चित्र मी तीनदा टाकले आणि तीनदा परत उचलले. आपल्याकडे संदेश भंडारे यांचे तमाशावरचे छायाचित्रांचे पुस्तक ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे लगेच पटेल; रंगमंचावरच्या झगमगाटाइतकेच तेथे फडामागचे ओझे आणि वाट पाहणे बोलते.

अशा रीतीने एकोणीस चित्रे ठरली. विसाव्याबद्दल मला कधीच शंका नव्हती. तेच सर्वांत चांगले होते. रात्रीचे चौथे आदण चुलवाणावर आहे, वाफ दाटली आहे आणि गुळवे मामा खांबाला टेकून उभ्याउभ्याच झोपले आहेत. हातात पाक ढवळायचे दांडके तसेच, तोंड किंचित उघडे, कपाळावर जाळाचा तांबूस उजेड. प्रकाश, छाया, रचना, सारे जुळलेले. वर्गात ते पाहून क्षणभर सगळे गप्प झाले. सर एवढेच म्हणाले, ‘याच्यावर तुझे वर्ष पास आहे.’

मांडणीपूर्वी सर्व वीस प्रती घेऊन मी गुऱ्हाळावर गेले. हंगाम संपत आला होता, दुपारची वेळ होती. माणसे हात पुसून गोळा झाली. कोणी स्वतःला ओळखले, कोणी दुसऱ्याची थट्टा केली. मामा एकेक प्रत दूर धरून पाहत होते. त्या चित्रापाशी थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पोरी, ह्यो फोटू नगं दावूस.’

मी विचारले, ‘का मामा? चांगला आलाय की.’

‘चांगलाच आलाय. पर मालकानं बघिटला तर? म्हणंल, आदण चुलीवर आन् गुळव्या झोपतोय. म्होरल्या साली दुसरा बघंल.’

हे चित्र कोल्हापुरात एका दालनात चार दिवस लागणार, तेथे कोणता मालक येतो, असे मी म्हणून पाहिले. मामा नुसते हसले. त्यांचा मुलगा शेजारीच उभा होता. त्याच्या हातात फोन होता, आणि चित्र एकदा भिंतीवर लागले की ते कुठल्या कुठे जाते हे त्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

त्या रात्री मी डोरोथिया लँग यांचे ‘मायग्रंट मदर’ हे छायाचित्र पुन्हा काढून पाहिले. आमच्या इतिहासाच्या पेपरात ते दरवर्षी असते. १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात निपोमो येथे वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर ते काढले गेले. मंदीच्या काळातले अमेरिकेचे दुःख म्हणून ते जगभर छापले गेले. चित्रातल्या बाईचे नाव लँग यांनी विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचे नाव जगाला कळले ते १९७८ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. आणि तेव्हा ती बाई म्हणाली की, हे चित्र काढले नसते तर बरे झाले असते, मला त्यातून काही मिळाले नाही. लँग यांचाही दोष काढणे अवघड आहे. ते काम सरकारी होते, चित्र सरकारचे होते, आणि ते छापून आल्यावर त्या तळावर अन्न पोहोचले. गंमत अशी की, त्या चित्राच्या कोपऱ्यात एक अंगठा दिसत होता, तो रचनेत खटकतो म्हणून पुढे ऋणप्रतीवरून पुसून घेण्यात आला. अंगठ्याचा एवढा विचार झाला. नावाचा झाला नाही. परीक्षेत या चित्रावर मी दोनदा उत्तर लिहिले आहे आणि दोन्ही वेळा रचनेवरच लिहिले आहे.

सरांना मी सारे सांगितले. त्यांनी माझ्या बाजूने किंवा मामांच्या बाजूने काहीच सांगितले नाही, याचा मला तेव्हा राग आला होता. ते म्हणाले, ‘दोन्हींचे परिणाम तुला ठाऊक आहेत. आता ठरव.’ वर्गात मात्र दोन तट पडले. एका मित्राचे म्हणणे असे की, छायाचित्रकाराने प्रत्येकाची परवानगी मागायची ठरवली तर जगातली निम्मी मोठी छायाचित्रे अस्तित्वातच आली नसती. त्याचे म्हणणे खोटे नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रे काढली, ती पाहणे सुखाचे नाही, आणि ती दाखवली गेली नसती तर आपण पाहिले नसते, हेही खरे. परंतु ती माणसे कोणत्या अवस्थेत काम करतात हे जगाला कळावे, यात त्या माणसांचे हित आहे. मामांच्या झोपेने जगाला काय कळणार होते? एक गुळव्या सलग अठरा तास उभा असतो हे कळले असते, असे मी स्वतःला सांगून पाहिले. पण मग ते अठरा तास मी दुसऱ्या कोणत्या चित्रात दाखवू शकते का, हा प्रश्न उरलाच.

काकांशी फोनवर बोलले. काका कलेवर बोलत नाहीत. ते म्हणाले, ‘लग्नाचा अल्बम कोण निवडतं? आपण का ते?’ मला हसू आले. लग्नाच्या अल्बमची निवड मी अनेकदा पाहिली आहे. आपण नवरीचा एखादा अप्रतिम प्रकाशातला फोटो पुढे करावा, आणि नवरीच्या आईने म्हणावे, ‘तो राहू दे, आत्याबाई कशात आहेत ते बघा, त्या नसल्या तर रुसतील.’ या प्रकाराची आम्ही वर्गात पुष्कळ टर उडवली आहे.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या चित्रांकडे मी पुन्हा वळले, यावेळी मामा जेथे जेथे आहेत तेवढीच काढून. त्यांत एक चित्र होते, जे मी पहिल्याच चाळणीत टाकले होते. पहिल्या आठवड्यातले. मामांना कळले होते की आज फोटो काढणार आहेत, म्हणून ते धुतलेला सदरा घालून काहिलीजवळ ताठ उभे राहिले होते, हात बाजूला, नजर थेट कॅमेऱ्यात. मी ते ‘पोझ दिलेले’ म्हणून फेकले होते. नीट पाहिले तर त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पांढुरकी, गुळगुळीत झालेली दिसत होती. वर्षानुवर्षे पाकाची गोळी करून करून झालेली. प्रकाश सपाट होता, मागे एक प्लास्टिकची बादली आली होती.

विसाव्या जागी तेच लावले. परीक्षक त्याच्यासमोर थांबले आणि त्यांनी विचारले, ‘बाकी सगळ्यांत माणसे कामात आहेत, हाच एक कॅमेऱ्याकडे का पाहतो?’ मी म्हटले, ‘हे त्यांनी स्वतः निवडलेले आहे.’ त्यांनी वहीत काहीतरी लिहिले आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे गेले. गुण वर्गात तिसरे आले. झोपलेल्या मामांची ती एकच प्रत मी त्यांना देऊन टाकली. मूळ चित्र माझ्या डबीत आहे, ते पुसावे की ठेवावे हे अद्याप ठरलेले नाही.

मांडणीच्या शेवटच्या दिवशी मामा मुलासह आले होते, तोच सदरा घालून. स्वतःच्या चित्रासमोर थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, ‘बादली काढाय पायजे हुती.’ आणि जाताना विचारून गेले, की दसऱ्यानंतर गुऱ्हाळ सुरू होईल तेव्हा येणार ना, का तोपर्यंत काकांच्या दुकानात बसणार.